फॉन्टमधून घुसखोरी : फ्रीटाइपमधलं भोक आणि उशिरा पोचलेली दुरुस्ती

अर्धविराम

मार्च २०२५ मध्ये फेसबुकच्या सुरक्षा विभागाने एक छोटंसं निवेदन काढलं. फ्रीटाइप २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिलं जाण्याची चूक आहे आणि ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली गेली असावी, एवढाच मजकूर. सुरक्षा-चुकांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२५-२७३६३, गांभीर्य १० पैकी ८.१. मग मे महिन्यात अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात हाच क्रमांक आला. सोबत शेरा होता की मोजक्या, हेरलेल्या लोकांविरुद्ध वापर झाल्याची चिन्हं आहेत. फोनधारकाने काही दाबायची, उघडायचीही गरज नाही असं त्यात म्हटलेलं. त्यानंतर काही दिवस बातम्या आल्या, सगळ्यांत एकच वाक्य फिरवून फिरवून. चूक नक्की काय होती हे कुणी सांगेना, म्हणून हा धागा. कोड येत नसेल तरी कळावं असा प्रयत्न करतो.

फ्रीटाइप ही फॉन्टची फाइल उघडून त्यातल्या अक्षरांचे आकार पडद्यावरच्या ठिपक्यांत बदलणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम आयता वापरतात असा कोड. अँड्रॉइड, लिनक्स, क्रोमओएस, कितीतरी गेम, कितीतरी टीव्ही, सगळीकडे हीच. फुकट आहे, उत्तम आहे, १९९६ पासून आहे.

आता चूक. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर सुटं काढलेलं नसतं. 'आ' हा बऱ्याच फॉन्टमध्ये 'अ' अधिक काना असा जोडलेला असतो. अशा जोड-आकारात किती तुकडे आहेत हे फ्रीटाइप मोजतं. फॉन्ट जर व्हेरिएबल असेल, म्हणजे एकाच फाइलमधून बारीक ते ठळक असं सगळं निघत असेल, तर ते तुकडे ठळकपणाप्रमाणे किती सरकवायचे याचाही हिशोब करावा लागतो. त्यासाठी तुकड्यागणिक एक बिंदू आणि वर चार काल्पनिक बिंदू, अक्षराच्या चारही बाजूंच्या मोकळ्या जागेसाठी. थोडक्यात, तुकडे अधिक चार एवढ्या बिंदूंची मेमरी मागायची.

घोटाळा या बेरजेत आहे. तुकड्यांची संख्या १६ बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही धरणाऱ्या आकड्यात ठेवली होती. त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, तो ऋण होतो. समजा फॉन्टवाल्याने मुद्दाम ६५,५३३ तुकडे घातले. ते झाले उणे ३. हा उणे ३ पुढे ६४ बिटांच्या बिनचिन्हाच्या आकड्यात गेला की होतो १८४४६७४४०७३७०९५५१६१३. त्यात ४ मिळवले की आकडा काठावरून उलटतो आणि उरतो १. मेमरी मागितली गेली एका बिंदूची, पुढे लिहायचे आहेत किमान ते चार काल्पनिक बिंदू. तीन बाहेर पडले. प्रत्येक बिंदूला क्ष आणि य, म्हणजे सहा आकडे हद्दीबाहेर. निवेदनात 'जास्तीत जास्त सहा लाँग' (लाँग म्हणजे मोठ्या मापाचा पूर्णांक) असं जे लिहिलंय ते माझ्या हिशोबाने इथून येतं.

मला खरं बोलायचंय ते दुरुस्तीबद्दल. पण आधी प्रश्न असतील तर येऊ द्या.

शंकेखोर

धागा वाचला, हिशोब कळला. पण सहा आकडे? सहा आकड्यांत कुणाचा फोन कसा ताब्यात जाईल? फार तर ॲप बंद पडेल, पुन्हा उघडायचं. आणि मुळात फॉन्ट म्हणजे अक्षरांची चित्रंच ना? चित्रातून व्हायरस येतो म्हणणारे मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पहाटे पाचला येतात.

जुनं_खोड

शंकेखोर, सहा खूप झाले. एकाच बाइटवर अख्खं यंत्र उलटवलेली माणसं आहेत.

प्रोग्रामला चालता चालता लागेल तशी मेमरी तुकड्यांनी मिळते, तिला हीप म्हणतात. तुकडे एकमेकांना खेटून असतात. एकाची हद्द ओलांडली की शेजाऱ्याचा बांध कोरला जातो. शेजारच्या तुकड्यात काय असेल ते नशिबावर सोडलं तर तुम्ही म्हणता तसं ॲप बंद पडतं. हल्लेखोर ते नशिबावर सोडत नाही. तो आधी नेमक्या मापाच्या वस्तू मागवतो, मधल्या काही सोडून देतो, म्हणजे रिकामी झालेली जागा त्याला हव्या त्या वस्तूच्या शेजारी येते. मग त्या सहा आकड्यांनी शेजारच्या वस्तूतली लांबी वाढवायची. वीस घटकांची यादी स्वतःला वीस लाखांची समजायला लागली की तिच्यातून वाट्टेल तिथलं वाचता येतं, लिहिता येतं. पुढचं सोपं असतं. म्हणजे त्यांच्यासाठी.

दुसरा प्रश्न, फॉन्ट चित्र आहे का. नाही हो. ट्रूटाइप ॲपलने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बनवलं. १९९१ ला सिस्टिम ७ मध्ये आलं, १९९२ ला विंडोज ३.१ मध्ये. तेव्हाचे पडदे इतके भरड की बारा ठिपक्यांच्या उंचीत अक्षर बसवताना एक दांडी दोन ठिपके जाड आणि शेजारची एक, असं व्हायचं. म्हणून प्रत्येक अक्षरासोबत सूचना दिल्या : हा बिंदू इथे ओढ, त्या दांडीची जाडी हिच्याएवढी कर. या सूचना म्हणजे रीतसर यंत्रभाषा आहे. तिला स्टॅक (आकडे रचून ठेवायची उतरंड) आहे, जर-तर आहे, उड्या आहेत, फंक्शन्स आहेत. फॉन्ट उघडला की 'एफपीजीएम' नावाच्या तक्त्यातला कोड एकदा चालतो, अक्षराचा आकार बदलला की 'प्रेप' मधला, आणि मग त्या त्या अक्षराचा स्वतःचा. तुम्ही मजकूर वाचत असता आणि कुणा परक्याने लिहिलेला प्रोग्राम तुमच्या यंत्रावर धावत असतो.

पोस्टस्क्रिप्ट घराण्यातल्या फॉन्टांची भाषा वेगळी, पण तऱ्हा हीच. २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या भोकं शोधणाऱ्या गटातल्या मातेउश युर्चिकने 'ब्लेंड' नावाच्या एकाच सूचनेतली चूक दाखवली. ती वापरून फॉन्टला स्वतःचा स्टॅक सोडून बाहेर जाता यायचं. गंमत पुढे आहे. बाहेरच्या मेमरीत काय पत्ते आहेत ते फॉन्ट स्वतः वाचायचा, त्यांच्यावर बेरजा-वजाबाक्या करायचा आणि पुढच्या हल्ल्याची मांडणी स्वतःच बनवायचा. पत्ते दर वेळी बदलत ठेवण्याचं जे संरक्षण असतं, ते या युक्तीपुढे निकामी. तीच चूक ॲडोबी रीडरमध्ये आणि तीच ३२ बिटी विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, कारण दोघांकडे एकाच मूळ कोडची पोरं.

शंकेखोर

कर्नलमध्ये? अक्षरं काढणारा कोड कर्नलमध्ये कुणी आणि का घातला?

जुनं_खोड

वेगासाठी. विंडोज एनटी ४.०, साल १९९६. खिडक्या-रेघा-अक्षरं काढायचं सगळं काम कर्नलमध्ये हलवलं, फॉन्टचं यंत्रही सोबत गेलं. तेव्हा फॉन्ट दुकानातल्या फ्लॉपीवरून यायचे, इंटरनेटवरून नाही, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढची पंधरावीस वर्षं त्याची किंमत मोजली. २०११ चा डुकू हा हेरगिरीचा प्रोग्राम आठवतो? वर्डची फाइल, तिच्या पोटात 'डेक्स्टर रेग्युलर' नावाचा फॉन्ट. फाइल उघडली की थेट कर्नलमध्ये. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती डिसेंबरात दिली, तोवर फॉन्ट उलगडणारी एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) कुलूपबंद करा म्हणून सांगितलं होतं. २०१५ च्या जुलैत हॅकिंग टीम या इटालियन हेरगिरी कंपनीचाच माल फुटला, त्यात विंडोजच्या ॲडोबी फॉन्ट ड्रायव्हरचं भोक निघालं, मायक्रोसॉफ्टला महिन्याच्या ठरल्या दिवसाची वाट न बघता दुरुस्ती सोडावी लागली. मार्च २०२० मध्ये त्याच घराण्यात आणखी दोन, तीही वापरात असलेली.

विंडोज १० मध्ये शेवटी शहाणपण आलं, फॉन्ट वाचणं वेगळ्या, हातपाय बांधलेल्या प्रोसेसमध्ये गेलं. टास्क मॅनेजरमध्ये 'फॉन्टडीआरव्हीहोस्ट' दिसतं ते तेच. अधूनमधून लोक ते व्हायरस आहे का विचारतात. उलट आहे.

काजवा

जुनं_खोड यांना +१. माझ्या आवडीचं भोक २०२० च्या ऑक्टोबरातलं, तेही फ्रीटाइपमधलं : सीव्हीई-२०२०-१५९९९. इमोजीच्या फॉन्टमध्ये अक्षराऐवजी पीएनजी चित्रं ठेवलेली असतात. पीएनजीच्या माथ्यावर रुंदी-उंची ३२ बिटांत लिहिलेली. फ्रीटाइपने ती १६ बिटांच्या आकड्यात ओतली. रुंदी ६५,५४० असेल तर ओतल्यावर उरतात ४. 'फार मोठं चित्र नाही ना' ही तपासणीसुद्धा त्या उरलेल्या ४ वरच! मेमरी घेतली चारच्या मापाने. मग काम पीएनजी वाचणाऱ्या लिबपीएनजी लायब्ररीकडे सोपवलं, आणि त्याच्याकडे मूळ ६५,५४० शाबूत. ते बिचारं प्रामाणिकपणे सगळी रांग लिहून मोकळं.

प्रोजेक्ट झीरोच्या सर्गेई ग्लाझुनोवने १९ ऑक्टोबरला कळवलं, २० तारखेला फ्रीटाइप २.१०.४ आणि दुरुस्त क्रोम दोन्ही बाहेर. एका दिवसात. क्रोमच्या आत या चुकीने शिरायचं आणि विंडोज कर्नलच्या दुसऱ्या चुकीने क्रोमच्या पिंजऱ्यातून बाहेर पडायचं, अशी जोडी तेव्हा वापरात होती.

अर्धविराम, तुमच्या धाग्यातली आणि ही, दोन्ही चुका सख्ख्या बहिणी आहेत बघा. फाइल सांगते तो आकडा एका मापाच्या भांड्यातून दुसऱ्यात ओतताना सांडला.

वेलांटी

मी डिझाइन करते, कोड नाही. वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे शेकड्यांनी फॉन्ट आहेत, बरेचसे फुकट साइटवरून उतरवलेले, काही क्लायंटनी झिप करून पाठवलेले. ते सगळे आता संशयित? आणि वेबसाइट उघडली की फॉन्ट आपोआप उतरतात त्याचं काय?

अर्धविराम

वेलांटीताई, घाबरू नका. असली भोकं महाग असतात, ती फुकट फॉन्टच्या साइटवर कुणी उधळत नाही. वापर होतो तो पत्रकार, वकील, कार्यकर्ते, अधिकारी अशा हेरलेल्या माणसांवर. तुमच्या संग्रहात नेहमीच्या अर्थाने व्हायरस निघायची शक्यता जास्त, उदाहरणार्थ झिपमध्ये फॉन्टच्या नावाची प्रोग्राम फाइल. ती आधी बघा.

दुसरा प्रश्न अचूक विचारलात. स्वतः बसवलेल्या फॉन्टपेक्षा आपोआप येणारा फॉन्ट हल्लेखोराच्या जास्त कामाचा. वेबपान, पीडीएफ, वर्डची फाइल, या सगळ्यांच्या पोटात फॉन्ट येतो आणि उघडताक्षणी वाचला जातो. ब्राउझरवाल्यांना याची पुरती कल्पना आहे म्हणून क्रोम आणि फायरफॉक्स वेबवरून आलेला फॉन्ट आधी ओटीएस नावाच्या गाळणीतून काढतात. तक्ते मोडके असतील तर फॉन्ट तिथेच नाकारला जातो. पीडीएफ उघडणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये अशी गाळणी असेल याची खात्री धरू नका.

निरक्षर_नाही

अवांतर : २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनला पाठवलं की मेसेज ॲप बंद पडायचं, ते हेच का? तेव्हा आमच्याकडे एकमेकांना पाठवायची लाटच आली होती.

जुनं_खोड

शेजारचं घर. तो बग ॲपलच्या कोअरटेक्स्ट या मजकूर मांडणाऱ्या भागात होता, क्रमांक सीव्हीई-२०१८-४१२४, आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्त झाला. तिथे फॉन्ट निर्दोष होता, हल्ला साध्या मजकुरातून होत होता.

आपल्या लिप्यांमध्ये अक्षर पडद्यावर यायच्या आधी एक मोठी पायरी असते. 'र्कि' लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी आधी यायला हवी, रफार वर जाऊन शेवटी बसायला हवा. ही मांडामांड शेपिंग करणाऱ्या कोडचं काम, उदाहरणार्थ हार्फबझ. त्यातही अक्षरांच्या यादीत घालणं-काढणं चालतं, त्यामुळे तिथेही लांबीचे हिशोब चुकतात. ॲपलने त्या चुकीचं वर्णन 'हीप बिघडू शकतं' असंच केलं होतं. लोकांनी मात्र मित्राचा फोन बंद पाडायची गंमत म्हणून घेतलं.

ॲपलचा विषय निघालाच आहे तर : कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये उघड केलेलं 'ऑपरेशन ट्रायँग्युलेशन'. आयमेसेजवरून एक जोडपत्र येतं, कुठलीही खूण न दिसता वाचलं जातं आणि फोन गेला. पहिलं पाऊल होतं ट्रूटाइपमधली 'ॲडजस्ट' नावाची सूचना. फक्त ॲपलकडे असलेली, कुठल्याही दस्तऐवजात नसलेली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कोडमध्ये पडून असलेली. तीस वर्षं कुणी हात लावला नाही, आणि ज्यांनी लावला ते हे लोक.

ओपनसोर्सवाला

आता धागाकर्त्यांना जे बोलायचंय त्यावर येतो, कारण तिथे खरी गोम आहे.

सदोष आवृत्ती २.१३.०, फेब्रुवारी २०२३. त्यानंतरची २.१३.१ आली जून २०२३ मध्ये, आणि तिच्यात ही चूक नाही. म्हणजे मार्च २०२५ मध्ये फेसबुकने बोंब ठोकली तेव्हा दुरुस्ती जवळजवळ दोन वर्षं जुनी होती! फ्रीटाइपच्या देखभालकर्त्यांनी तसं सांगितलंही. फक्त त्या बदलाला कुणी सुरक्षेची दुरुस्ती म्हटलं नव्हतं. क्रमांक नाही, इशारा नाही, रोजच्या साफसफाईतला एक बदल.

आता लिनक्स वितरणं, म्हणजे लिनक्सच्या डेबियन-उबुंटूसारख्या तयार आवृत्त्या, कशी चालतात ते बघा. डेबियन १२ मध्ये फ्रीटाइप २.१२.१. उबुंटू २२.०४ मध्ये २.११.१. रेड हॅट ९ मध्ये २.१०.४ आणि ८ मध्ये चक्क २.९.१. ही स्थिर वितरणं मुद्दाम जुनी आवृत्ती धरून ठेवतात आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून चिकटवतात. ज्या दुरुस्तीवर 'सुरक्षा' लिहिलेलंच नाही ती कोण कशाला आणेल? तेव्हा नवी आवृत्ती वापरणारे आपोआप वाचले आणि स्थिर म्हणून नावाजलेले सगळे उघडे राहिले. निवेदन आल्यावर वितरणांच्या माणसांना आधी हेच शोधायला लागलं की मधल्या ढीगभर बदलांतला नेमका कोणता मागे न्यायचा.

हल्लेखोराला मात्र दुरुस्त झालेला कोड वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणीतरी चिन्हांकित आकडा बिनचिन्हाचा केला, का केला असेल? एवढा प्रश्न पडला की काम झालं.

शंकेखोर

म्हणजे दोष फ्रीटाइपवाल्यांचा. स्वतःच्या बदलाचा अर्थ स्वतःला कळू नये?

ओपनसोर्सवाला

हे मला पटत नाही. फ्रीटाइप मूठभर माणसं चालवतात, बहुतेक काम वेर्नर लेम्बर्ग आणि दोघातिघांचं. अब्जावधी यंत्रांवर कोड आहे, त्यावर पैसे कमावणाऱ्या कंपन्या जगातल्या सर्वांत मोठ्या. प्रत्येक प्रकार बदलताना 'यातून कुणाला हल्ला करता आला असता का' हे तपासायचं म्हटलं तर रोजचं काम ठप्प होईल. तो तपास ज्यांना परवडतो त्यांनी करावा. फेसबुकने केला, उशिरा का होईना, निदान जाहीर तरी केलं.

शंकेखोर

आणि गूगलचं ते ओपन सोर्स कोडमधल्या चुका आपोआप शोधणारं ओएसएस-फझ? डिसेंबर २०१६ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा उदाहरण म्हणून फ्रीटाइपमधलाच बग दाखवला होता, काही तासांत पकडलेला. मग ही चूक इतकी वर्षं त्याच्या नजरेतून सुटली कशी?

काजवा

माझा अंदाज सांगतो. फझर म्हणजे खऱ्या फाइली घेऊन त्यात यादृच्छिक मोडतोड करत कोडला खाऊ घालणारं यंत्र. त्याला छोट्या फाइली आवडतात, कारण सेकंदाला जितक्या जास्त जातील तितकं बरं. इथे जोड-आकारात ६५,५३३ तुकडे हवेत. एका तुकड्याची नोंद किमान ६ बाइटची : दोन खुणांचे, दोन अक्षरक्रमांकाचे, दोन जागेचे. म्हणजे एकट्या या अक्षराला ३,९३,१९८ बाइट. त्यातली शेवटची सोडून प्रत्येक नोंद 'पुढे अजून तुकडा आहे' अशी खूण बाळगून हवी, आणि फाइलमध्ये व्हेरिएबल फॉन्टचे तक्तेही धड हवेत. यादृच्छिक मोडतोडीतून हे जुळून यायला जन्म जाईल. कोड वाचणाऱ्या माणसाला पाच मिनिटं पुरतात.

यावर मला एकच औषध दिसतं, आणि गूगलने ते घ्यायला सुरुवातही केली आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेली स्क्रिफा ही लायब्ररी. क्रोम १३३ पासून अँड्रॉइड, लिनक्स आणि क्रोमओएसवर वेब फॉन्टसाठी फ्रीटाइपऐवजी तीच.

शंकेखोर

रस्टचे प्रचारक धाग्यावर पोचले, आता दोनशे प्रतिसाद नक्की. :) रस्टमध्ये उणे ३ अधिक ४ चं उत्तर वेगळं येतं का?

काजवा

येत नाही! हाच मुद्दा लोकांना सांगावा लागतो. रस्टमध्ये आकडा छोट्या मापात बळेच कोंबला तर तो गुपचूप कापला जातो. अंतिम बांधणीत बेरीजसुद्धा मूळ सेटिंगमध्ये गुपचूप उलटते. म्हणजे एका बिंदूची यादी रस्टनेही बनवली असती. फरक पुढच्या पायरीला आहे. दुसऱ्या बिंदूत लिहायला गेलं की 'यादीत एकच जागा आहे' म्हणून प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. तुम्ही पहिल्या प्रतिसादात म्हणालात तसं ॲप बंद पडेल, पुन्हा उघडायचं. हिशोब चुकला तरी बांध कोरला जात नाही.

ओपनसोर्सवाला

मान्य, पण दोन गोष्टी विसरू नका. एक, हे फक्त क्रोमने वेबवरून उतरवलेल्या फॉन्टपुरतं झालं. पीडीएफ वाचणारी ॲप्स, गेम, ऑफिसची ॲप्स, टीव्ही, मोटारीतला पडदा, सगळीकडे जुन्या सी भाषेतलंच फ्रीटाइप आहे आणि राहणार आहे. दोन, बरीच ॲप्स सिस्टिमचं फ्रीटाइप वापरतच नाहीत. स्वतःची प्रत पोटात घालून येतात, चार-पाच वर्षं जुनी, आणि त्या प्रतीला कुणी वाली नसतो. सिस्टिम अद्ययावत केली तरी ती तशीच. नवीन लिहिण्याइतकंच जुनं कुठे कुठे चिकटून बसलंय ते हुडकणं गरजेचं आहे, आणि त्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

कुंपणावरचा

चर्चा उत्तम, पुढील लेखनास शुभेच्छा वगैरे. आता माझ्यासारख्यांनी करायचं काय ते सांगतो, कारण वेलांटी यांचा प्रश्न अर्धाच राहिला.

फोनच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख बघा. मे २०२५ किंवा पुढची असेल तर या भोकापुरते तुम्ही सुटलात. आयफोनवाले यात येत नाहीत, पण स्वतःला कुणी हेरेल अशी धास्ती असेल तर लॉकडाउन मोड आहे, त्यात वेब फॉन्टही अडवले जातात. पानं थोडी कुरूप दिसतात.

संगणकावर ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन असेल तर त्यात बाहेरचे फॉन्ट अडवायचा पर्याय आहे. मी वापरून बघितला. मजकूर वाचायला काही अडचण नाही, पण बऱ्याच साइटवर बटणांवरची चिन्हं फॉन्टमधूनच येतात, त्यांच्या जागी रिकामे चौकोन येतात. कार्टचं बटण कुठलं आणि हटवायचं कुठलं हे अंदाजाने दाबायची तयारी हवी. मी फॉन्ट पुन्हा चालू केले.

निरक्षर_नाही

लिनक्सवर कसं तपासायचं? मी पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररींची माहिती देणारी आज्ञा) विचारलं तर ते सव्वीस पॉइंट काहीतरी सांगतंय. फ्रीटाइप सव्वीसवर कधी गेलं?

ओपनसोर्सवाला

गेलं नाही. तो लायब्ररीच्या जोडणीचा अंतर्गत क्रमांक आहे, आवृत्तीचा नाही. दरवेळी कुणीतरी त्यावरून 'आमच्याकडे फारच नवीन आहे' म्हणून निर्धास्त होतं. पॅकेज व्यवस्थापकाला पॅकेजची आवृत्ती विचारा.

आणि तीही बघून लगेच निष्कर्ष काढू नका. डेबियनवर २.१२.१ दिसेल आणि तरी दुरुस्ती आलेली असेल, कारण ती मागे आणून चिकटवली आहे, मूळ क्रमांक तोच राहतो आणि फक्त शेपूट बदलतं. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडा आणि त्यात २७३६३ शोधा. सापडला तर झालं.

जुनं_खोड

आणि अपडेट केल्यावर पुन्हा लॉगिन करा, नाहीतर सरळ यंत्र रीस्टार्ट. फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेले असतात. सर्व्हरवर पीडीएफची छोटी चित्रं बनवणाऱ्या सेवा असतील तर त्या आधी. बाहेरच्यांनी चढवलेल्या फाइली तिथे कुणी न बघता उघडल्या जातात.

वेलांटी

फोन बघितला. सुरक्षा अपडेट : ऑक्टोबर २०२४. खाली हिरवी खूण आणि 'तुमची प्रणाली अद्ययावत आहे'. कंपनीचं नाव घेत नाही, पण फोन काही फार जुना नाही. याला आता काय करू?

ओपनसोर्सवाला

त्या कंपनीसाठी तुमचा फोन अद्ययावतच आहे, त्यांच्याकडे पुढे द्यायला काही नाही एवढाच त्या हिरव्या खुणेचा अर्थ. सिस्टिममधलं फ्रीटाइप तुम्हाला बदलता येणार नाही. क्रोम मात्र फॉन्ट वाचायचा स्वतःचा कोड सोबत घेऊन येतो आणि प्ले स्टोअरवरून ताजा होतो, तो नियमित अपडेट ठेवा. निरोप्या ॲप्सही तशीच, आणि त्यात अनोळखी क्रमांकावरून आलेल्या फाइली आपोआप उतरवणं बंद करा. क्लायंटच्या पीडीएफ संगणकावर उघडा, फोनवर नको. पुढचा फोन घेताना किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार ते लेखी कुठे आहे ते आधी बघा.